संहती गुणिले प्रवाह : चिमणीच्या हिशेबावरील भाष्य

चिमणीतून बाहेर पडणारा वायू वजनकाट्यावर ठेवता येत नाही. वर्षाला इतके टन सल्फर डायऑक्साइड, इतके लाख टन कार्बन डायऑक्साइड असे आकडे अहवालात छापून येतात, तेव्हा त्यांतला एकही टन कोणी तोललेला नसतो. तो हिशेबाने काढलेला असतो. या हिशेबाची रीत मोजक्या ओळींत मावते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘मेथड २’ असो, युरोपात पाळले जाणारे आयएसओ १६९११ असो किंवा आपल्याकडचे आयएस ११२५५ असो, तपशिलात फरक असले तरी गाभा तोच आहे. तो गाभा खाली सात ओळींत मराठीत मांडला आहे. मांडणी माझी, शास्त्र जुने.

१. उत्सर्जन म्हणजे संहती गुणिले प्रवाह.
२. प्रवाह म्हणजे वेग गुणिले चिमणीच्या छेदाचे क्षेत्रफळ.
३. वेग काढण्यासाठी स्थिरांक, नळीचा गुणांक, दाबफरकाचे वर्गमूळ आणि ‘तापमान भागिले दाब-रेणुभाराचा गुणाकार’ याचे वर्गमूळ, हे चारही गुणावेत.
४. छेदातील ठरावीक बिंदूंवर नळी न्यावी आणि वर्गमुळांची सरासरी घ्यावी.
५. वायू चिमणीच्या अक्षाला समांतर वाहतो असे धरावे.
६. आलेला प्रवाह प्रमाण तापमानाला व दाबाला आणावा आणि त्यातले बाष्प वजा करावे.
७. चिमणीवरचे कायमचे मीटर या मापाशी ताडून पाहावे. फरक मर्यादेत असेल तर मीटर ग्राह्य धरावे.

ओळ पहिली : उत्सर्जन म्हणजे संहती गुणिले प्रवाह

संहती म्हणजे एक घनमीटर वायूत प्रदूषक किती मिलिग्रॅम आहे ते. प्रवाह म्हणजे तासाला असे किती घनमीटर वायू चिमणीतून जातो ते. दोन आकड्यांचा गुणाकार झाला की तासाला किती किलो, हे उत्तर येते.

गुणाकाराचा नियम असा की दोन्ही घटकांतली टक्केवारीची चूक उत्तरात जशीच्या तशी उतरते. प्रवाह पाच टक्के जास्त धरला गेला तर उत्सर्जनही पाच टक्के जास्त येणार, मग संहती मोजणारे यंत्र कितीही महागडे आणि नाजूक असो. इतकी साधी ही गोष्ट, तरी व्यवहारात दोघांना सारखी वागणूक मिळत नाही. संहतीच्या विश्लेषकाला रोज ठाऊक संहतीचा वायू पाजून तपासता येते. सिलिंडर आणला, झडप उघडली, आकडा जुळला की काम झाले. प्रवाहाची अशी कुपी मिळत नाही. दहा लाख घनमीटर वायू तासाला नेमका इतकाच वाहतो आहे, असे छातीठोकपणे सांगणारे प्रमाण चिमणीपाशी आणणार कोठून? म्हणून प्रवाहाचे माप दुसऱ्या मापाशी ताडावे लागते आणि ते दुसरे माप किती खरे, हा प्रश्न मागेच राहतो. या भाष्याचा रोख त्या प्रश्नावर आहे.

भारतात प्रवाहाकडे आणखी एका कारणाने दुर्लक्ष झाले. आपले बहुतेक निकष संहतीचे आहेत. औष्णिक वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५मध्ये निघालेल्या अधिसूचनेतल्या मर्यादा मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशाच दिल्या आहेत. निकष संहतीचा असला की प्रवाहाचा आकडा अहवालाच्या एका कोपऱ्यात भरला जातो आणि त्याला कोणी उलटून प्रश्न विचारत नाही. अपवाद चिमणीच्या उंचीचा. सल्फर डायऑक्साइडचे तासाला किती किलो उत्सर्जन होते त्याचा ०.३ घात घेऊन त्याला १४ने गुणले की किमान उंची मीटरमध्ये मिळते. त्या किलोंमध्ये प्रवाह दडलेला आहे. पण ०.३ हा घात इतका सौम्य आहे की प्रवाह दहा टक्के चुकला तरी उंची तीन टक्क्यांच्या आसपासच हलते.

चित्र पालटते ते उत्सर्जनाचा व्यापार सुरू झाल्यावर. सुरतमध्ये २०१९पासून धूलिकणांच्या उत्सर्जनाची खरेदी-विक्री सुरू झाली. जून २०२३मध्ये देशपातळीवर कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. अशा बाजारात किलो आणि टन यांना भाव असतो. भाव संहतीला नसतो, गुणाकाराला असतो.

ओळ दुसरी : वेग गुणिले छेदाचे क्षेत्रफळ

या ओळीवरून सगळे भरभर पुढे जातात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने व्यासातली चूक उत्तरात दुप्पट होते. नकाशावर चिमणीचा आतला व्यास ४ मीटर लिहिलेला आहे. अस्तराची विटांची भिंत फुगली आहे किंवा राखेचा थर चढला आहे आणि खरा व्यास ३.९५ मीटर उरला आहे. फरक सव्वा टक्क्याचा, क्षेत्रफळात अडीच टक्क्यांचा. हा अडीच टक्का वर्षभर, प्रत्येक तासाला, एकाच बाजूला जातो. व्यास नकाशावरून उचलू नये, निदान दोन पोर्टांमधून, म्हणजे चिमणीच्या भिंतीत मोजणीसाठी ठेवलेल्या भोकांमधून, दोन काटकोनी दिशांनी प्रत्यक्ष मोजावा. त्याला खर्च जवळपास नाही.

ओळ तिसरी : स्थिरांक, गुणांक आणि दोन वर्गमुळे

आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२मध्ये सेन नदीचा वेग वाकवलेल्या नळीने मोजला. प्रवाहाकडे तोंड असलेल्या नळीत पाणी किती वर चढते त्यावरून वेग काढता येतो, हे त्याचे तत्त्व. चिमणीत आजही तीच कल्पना चालते, फक्त नळीचा आकार बदलला. प्रमाण पितो नळीची छिद्रे बारीक असतात, धूळ आणि राख यांनी ती लगेच बुजतात. म्हणून चिमणीत एस-आकाराची जोडनळी वापरतात. दोन नळ्या पाठीला पाठ लावून जोडलेल्या, तोंडे मोठी, एकाचे तोंड येणाऱ्या वायूकडे आणि दुसऱ्याचे जाणाऱ्या वायूकडे. दोन तोंडांमधला दाबफरक मॅनोमीटरवर मिलिमीटर पाण्याच्या उंचीत वाचायचा.

स्थिरांक ३४.९७. दाबफरक मिलिमीटर पाणी, दाब मिलिमीटर पारा आणि तापमान केल्विनमध्ये घेतले की वेग मीटर प्रति सेकंद मिळतो. त्यात वाद नाही, पुढे जाऊ.

नळीच्या गुणांकात वाद आहे. प्रमाण पितो नळीचा गुणांक ०.९९च्या आसपास असतो. एस-नळीची दोन्ही तोंडे नेमक्या मापात असतील, एका रेषेत असतील, वाकलेली नसतील, तर ०.८४ हा गुणांक न तपासता धरायची ‘मेथड २’ मुभा देते. अट मापांची आहे. पण नळी ट्रकमधून जाते, शिडीवरून दोरीने वर ओढली जाते, पोर्टच्या काठावर आपटते. तोंडाची कड चेपली की गुणांक बदलला. खरा गुणांक ०.८२ झाला आणि वहीत ०.८४ राहिला तर वेग जवळजवळ अडीच टक्के जास्त येतो. वाऱ्याच्या बोगद्यात नळी तपासून तिच्यापुरता गुणांक काढणे हाच योग्य उपाय. आणि तपासलेल्या नळीचा क्रमांक अहवालात असलाच पाहिजे.

आता दाबफरक. त्याचे वर्गमूळ घ्यायचे असल्याने दाबफरकातली चूक वेगात निम्मी होते, ही गोष्ट दिलासा देणारी वाटते. पण हा दिलासा वेग चांगला असेपर्यंतच टिकतो. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. वायूचे तापमान ४०० केल्विन, म्हणजे १२७ अंश सेल्सिअस; दाब ७६० मिलिमीटर; रेणुभार २९; गुणांक ०.८४. मॅनोमीटरवर १६ मिलिमीटर आले तर वेग सेकंदाला सुमारे १५.८ मीटर. वाचनात पाव मिलिमीटरची चूक झाली तर वेगातली चूक एक टक्क्याहूनही कमी. आता वीज केंद्र कमी भारावर चालते आहे आणि मॅनोमीटरवर फक्त १ मिलिमीटर दिसतो आहे. वेग सेकंदाला चार मीटरच्या जवळ. तीच पाव मिलिमीटरची चूक आता वेग जवळजवळ १२ टक्क्यांनी चुकवते. यंत्र तेच, वाचणाराही तोच, पण माप आता भरवशाचे राहिलेले नाही. सरासरी दाबफरक १.२७ मिलिमीटरच्या खाली गेला तर अधिक संवेदनशील मॅनोमीटर वापरावा असे ‘मेथड २’ बजावते, ते याचसाठी. भारतात सौर आणि पवनविजेमुळे कोळशाची केंद्रे दिवसातले पुष्कळ तास कमी भारावर चालवावी लागत आहेत. पूर्ण भारावर केलेली चाचणी त्या तासांबद्दल फारसे सांगत नाही.

या ओळीतली एक मौज सांगतो. तापमान इथे वर्गमुळाखाली वर आहे. म्हणजे तापमान जास्त धरले की वेग जास्त येतो. पण सहाव्या ओळीत प्रवाह प्रमाण स्थितीला आणताना तापमानाने भागायचे असते. दोन्ही मिळून प्रमाण प्रवाह तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उरतो. ४००च्या जागी ४१० केल्विन वाचले गेले तर वेग सव्वा टक्का जास्त आणि प्रमाण प्रवाह मात्र सव्वा टक्का कमी. एका ओळीवर थांबणाऱ्याला चुकीची दिशाही कळणार नाही. रेणुभाराचे तसे नाही, तो फारसा हलत नाही. कार्बन डायऑक्साइड त्याला वर ओढतो, बाष्प खाली.

ओळ चौथी : बिंदू आणि वर्गमुळांची सरासरी

चिमणीत वेग सगळीकडे सारखा नसतो. मध्ये जास्त, भिंतीलगत कमी. म्हणून छेदाचे समान क्षेत्रफळाचे भाग पाडून प्रत्येक भागात एक बिंदू धरतात. जागाही ठरलेली. वायूला शेवटचे वळण लागल्यापासून चिमणीच्या आठ व्यासांइतके अंतर गेल्यावर, आणि पुढचा अडथळा निदान दोन व्यास दूर असताना मोजावे. चार मीटरच्या चिमणीत आठ व्यास म्हणजे ३२ मीटर. एवढी सरळ लांबी मिळाली तर १२ बिंदू पुरतात, नाही तर बिंदू वाढवावे लागतात. बिंदू वाढवल्याने वेगाच्या चढउताराचे चित्र स्पष्ट होते. वळणातून आलेली गिरकी मात्र त्याने जात नाही. तिचा विचार पुढच्या ओळीत.

वर्गमुळांची सरासरी घ्यायची, सरासरीचे वर्गमूळ नव्हे. दोन बिंदूंवर ४ आणि १६ मिलिमीटर आले. वर्गमुळे २ आणि ४, सरासरी ३. उलट क्रमाने गेलो तर सरासरी १०, तिचे वर्गमूळ ३.१६. फरक पाच टक्क्यांहून जास्त, आणि तो नेहमी वरच्याच बाजूला. गणक पत्रिकेत एकदा असे सूत्र बसले की वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अहवाल तपासणाऱ्याने पहिल्यांदा हे पाहावे.

भिंतीलगतचा प्रश्न आणखी बारीक आहे. समान क्षेत्रफळाच्या बिंदूंपैकी सर्वांत बाहेरचा बिंदूही भिंतीपासून थोडा आत असतो. भिंतीला घासून जाणारा मंद थर मोजणीत येतच नाही, त्यामुळे सरासरी वेग किंचित जास्त येतो. अमेरिकेत १९९९मध्ये आलेल्या ‘मेथड २एच’ने यासाठी सुधारणा दिली. भिंतीजवळ मोजणी न करता विटांच्या चिमणीसाठी ०.९९०० आणि इतरांसाठी ०.९९५० या गुणकाने प्रवाह गुणता येतो. एक टक्का किंवा अर्धा टक्का. ज्या कंपनीला प्रत्येक टनामागे परवाना जमा करायचा आहे, तिला हा अर्धा टक्काही कवडीमोल वाटत नाही.

ओळ पाचवी : अक्षाला समांतर, असे धरावे

पहिल्या चार ओळींत जे आहे ते मोजलेले आहे. इथे ‘धरावे’ म्हटले आहे. या भाष्यात सर्वांत जास्त थांबायचे ते या शब्दापाशी.

पंखा, स्क्रबर, एकाच बाजूने चिमणीत शिरणारी नलिका या सगळ्यांतून वायू येतो तेव्हा तो सरळ वर जात नाही. गिरकी घेत, पीळ घालत जातो. चिमणीतून बाहेर किती वायू पडला हे फक्त वर जाणाऱ्या घटकावर ठरते. आडवा घटक नुसता गोल फिरतो, बाहेर काही नेत नाही. अडचण अशी की एस-नळीची तोंडे मोठी आणि तिची नजर ढोबळ. वायू दहा-पंधरा अंश तिरपा आला तरी ती बहुतांश पूर्ण वेगच दाखवते, वर जाणारा घटक वेगळा काढत नाही. १० अंशांच्या गिरकीत वर जाणारा घटक पूर्ण वेगाच्या ९८.५ टक्के, १५ अंशांत ९६.६ टक्के, २० अंशांत ९४ टक्के. म्हणजे १५ अंशांना सुमारे साडेतीन टक्के जास्त आणि २० अंशांना सहा टक्क्यांहून जास्त दाखवले जाते.

गिरकी तपासायची रीत आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. नळी पोर्टमधून आत घालून तिची तोंडे आडवी करतात, म्हणजे चिमणी सरळ वाहत असेल तर दोन्ही तोंडांवर वायू कडेने जाईल आणि मॅनोमीटर शून्य दाखवेल. शून्य आले नाही तर नळी स्वतःभोवती हळूहळू फिरवायची. मॅनोमीटरमधला रंगीत द्रव दोन रेषांच्या मध्ये डोलतो, खाली येतो, पुन्हा डोलतो; चिमणीतला दाब क्षणोक्षणी हलत असतो, त्यामुळे द्रव एका जागी ठरत नाही. तो शून्यावर आल्यासारखा वाटला की नळीच्या मुठीवरच्या कोनमापकावरचा अंश लिहायचा. प्रत्येक बिंदूवर हेच. उंचावर, वाऱ्यात, गरम पोर्टच्या तोंडाशी उभे राहून हे करताना एक-दोन अंश इकडे-तिकडे होणारच. सगळ्या कोनांची चिन्ह सोडून सरासरी काढतात. ती २० अंशांच्या वर गेली तर ती जागा मोजणीस नालायक.

शंका अशी येईल : सरासरी २०च्या आत आली, जागा मान्य झाली, मग प्रश्न उरला कुठे? प्रश्न तिथेच सुरू होतो. १९ अंशांची जागा मान्य आहे आणि तिथला प्रवाह साडेपाच टक्क्यांहूनही जास्त फुगून येऊ शकतो. कोन मोजला, वहीत लिहिला आणि हिशेबात मात्र घेतला नाही. जागा नाकारण्यासाठी ठरवलेली रेषा माप सुधारण्यासाठी वापरली गेलेली नाही, हा या पद्धतीतला खरा दोष.

अमेरिकेत हा दोष पैशांच्या रूपाने समोर आला. १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने आम्लवर्षा कार्यक्रम आणला. १९९५पासून वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या प्रत्येक टनामागे परवाना जमा करावा लागू लागला. चिमणीवर अखंड चालणारी मीटरे बसली. मग केंद्रांच्या अभियंत्यांना एक विसंगती दिसू लागली. चिमणीतल्या प्रवाहावरून काढलेली कोळशाची उष्णता प्रत्यक्ष जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपेक्षा जास्त येत होती. कोळसा तोलून घेतलेला होता, तो हवेतून वाढणार नव्हता. संशय प्रवाहावर आला आणि प्रवाहात गिरकीवर. पर्यावरण संरक्षण संस्थेने क्षेत्रीय चाचण्या घेतल्या आणि मे १९९९मध्ये तीन नव्या पद्धती आणल्या : २एफ, २जी आणि वर आलेली २एच. २जीमध्ये गिरकीचा कोन प्रत्येक बिंदूवर मोजून हिशेबात घेतात. २एफमध्ये पाच छिद्रांची नळी वापरतात; ती गिरकीचा कोन आणि वर-खाली झुकण्याचा कोन असे दोन्ही देते, आणि त्यातून निव्वळ वर जाणारा वेग निघतो. जुनी मेथड २ मात्र रद्द झाली नाही. नवी वापरायची की जुनी, हे केंद्राने ठरवायचे.

याचा परिणाम सरळ आहे. जिथे नव्या पद्धतीने उत्सर्जन कमी दिसेल तिथे ती वापरली जाईल. जिथे फरक पडणार नाही किंवा उलटा पडेल तिथे खर्च कोण करील? एकच चिमणी, एकच वायू, आणि दोन मान्य उत्तरे. शास्त्रीय पद्धत निवडण्याचा अधिकार ज्याचा आकडा मोजायचा आहे त्यालाच देणे मला पटत नाही.

मेरिलँडमधील गेथर्सबर्ग येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, यासाठी चिमणीची छोटी प्रतिकृती उभारली. ती आडवी आहे, तिच्यातून हवा वाहते, आणि आत गिरकी मुद्दाम तयार करता येते. येणारी हवा आधी एका संदर्भ मापकातून जाते, ज्याची अनिश्चितता एक टक्क्याच्या आत ठेवली आहे. म्हणजे चिमणीत जे मिळत नाही ते इथे मिळते : खरा प्रवाह किती, याचे स्वतंत्र उत्तर. तिथे एस-नळी गिरकीच्या प्रवाहात काही टक्क्यांनी चुकते हे दिसले आणि नीट तपासलेली बहुछिद्री नळी त्याहून पुष्कळ जवळ येते हेही दिसले.

ओळ सहावी : प्रमाण स्थिती आणि बाष्प

भारतात घनमीटर २५ अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर दाबाला, कोरड्या वायूत मोजतात. युरोपात शून्य अंशाला. अमेरिकेत २० अंशाला. शून्य आणि २५ अंशांच्या घनमीटरांत नऊ टक्के फरक आहे. तरी उत्सर्जनाचे किलो बदलत नाहीत, कारण संहती आणि प्रवाह दोन्ही एकाच स्थितीला आणले तर गुणाकारात तो फरक कटतो. चूक होते ती दोन घटक दोन ठिकाणांहून आल्यावर : संहती विश्लेषकाच्या पडद्यावरून, प्रवाह मीटर विकणाऱ्याने परदेशात बसवून दिलेल्या सूत्रातून. ऑक्सिजनच्या ठरावीक टक्क्याला आणलेली संहती आणि प्रत्यक्ष प्रवाह यांचा गुणाकारही असाच चुकतो.

बाष्पाचे तसेच. कोरड्या वायूतली संहती आणि ओल्या वायूचा प्रवाह गुणला, आणि बाष्प १० टक्के असेल, तर उत्सर्जन ११ टक्के जास्त निघते. ओल्या स्क्रबरनंतरच्या चिमणीत वायू ५० अंशांच्या आसपास बाष्पाने भरलेला असतो. तिथे बाष्प १२ टक्क्यांवर जाते. गंधक काढण्यासाठी जिथे जिथे ओले संयंत्र बसेल तिथे या ओळीचे वजन वाढेल.

आता अनिश्चिततेची बेरीज. १९९३मध्ये आयएसओने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या घटकांच्या अनिश्चिततांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि वर्गमूळ काढायचे. उदाहरणादाखल संहती २ टक्के, गुणांक दीड, क्षेत्रफळ दीड, दाबफरक १, बाष्प १ आणि बाकी सगळे मिळून अर्धा. वर्गांची बेरीज १०.७५, वर्गमूळ ३.३, आणि ९५ टक्के खात्रीसाठी दुप्पट केले की सुमारे साडेसहा टक्के. युरोपच्या उत्सर्जन व्यापारात चिमणीवर सतत मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडसाठी अनिश्चिततेच्या चार पायऱ्या आहेत : १०, ७.५, ५ आणि २.५ टक्के. वरचे उदाहरण दुसऱ्या पायरीवर बसते.

पण या बेरजेत पाचवी ओळ कुठेच नाही. गिरकीने होणारी साडेतीन टक्क्यांची चूक इकडे-तिकडे विखुरत नाही, एकाच बाजूला राहते. पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच शंभर वेळा तोलले म्हणून गळून पडत नाही, तशी ही चूक वर्षभराच्या आठ हजार तासांच्या सरासरीनेही जात नाही. ती वर्गमुळात कोंबून लहान करणे म्हणजे हिशेबाची फसवणूक आहे. आधी ती मोजून काढून टाकावी, आणि काढता येत नसेल तर वेगळी लिहावी. ५०० मेगावॅटचा कोळशावरचा संच वर्षाला ढोबळमानाने ३० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचे साडेतीन टक्के म्हणजे एक लाख टनांहून जास्त. इतका कार्बन डायऑक्साइड केवळ एका गृहीतावर अस्तित्वात येतो किंवा नाहीसा होतो.

ओळ सातवी : मीटर ताडून पाहावे

चिमणीवर कायम बसवलेले मीटर बहुधा अल्ट्रासॉनिक असते. चिमणीच्या दोन बाजूंना तिरके बसवलेले दोन ध्वनिप्रेषक एकमेकांकडे ध्वनीचे ठोके पाठवतात. प्रवाहाबरोबर जाणारा ठोका लवकर पोहोचतो, उलटा जाणारा उशिरा; दोन वेळांवरून वेग. यात वायूची घनता लागत नाही, गुणांक चेपत नाही, वेग कमी झाला म्हणून वाचन मरत नाही. तिसऱ्या ओळीतल्या अनेक व्याधी इथे नाहीत. मात्र एकच मार्ग असेल तर ती एका रेषेवरची सरासरी असते, छेदाची नव्हे. आणि आडवा घटक त्या तिरक्या मार्गावर मिळून किंवा वजा होऊन येतो. एकमेकांना छेदणारे दोन मार्ग बसवले तर तो बराचसा कटतो. खर्च वाढतो, पण पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चावेत.

ही मीटरे ज्या चाचणीने मान्य होतात तिच्यात निदान नऊ फेऱ्या घेतात. चाचणी चमू नळीने प्रवाह मोजतो, त्याच वेळी मीटर काय दाखवते ते टिपतात, आणि फरकाची सरासरी व तिचे विखुरणे मिळून टक्केवारी काढतात. अमेरिकेत १० टक्क्यांच्या आत असेल तर मीटर उत्तीर्ण. साडेसात टक्क्यांच्या आत असेल तर पुढची चाचणी वर्षाने, नाही तर सहामाही. वर एक सुधारणाही आहे. मीटर नळीपेक्षा लक्षणीय कमी दाखवत असेल तर त्याचे आकडे वाढवणाऱ्या गुणकाने गुणावे लागतात. जास्त दाखवत असेल तर काही करायचे नाही. उत्सर्जन कमी दाखवून कोणी सुटू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे.

पण ताडणी कशाशी? नळीशी. नळी गिरकीमुळे चार टक्के जास्त दाखवत असेल आणि मीटर अगदी खरे दाखवत असेल तर चाचणीत दोष मीटरला लागतो, आणि मीटरवर चार टक्के वाढीचा गुणक बसतो. त्याहून वाईट म्हणजे बसवतानाच मीटर नळीशी जुळवून घेतात. मग दोघे एकमताने चुकतात आणि चाचणीचा निकाल उत्तम येतो. नऊच्या जागी नव्वद फेऱ्या घेतल्या तरी निकाल आणखी उत्तमच येईल. म्हणून दोन मापे जुळली याचा अर्थ ती खरी आहेत असा होत नाही. खरेपणासाठी तिसरे, वेगळ्या तत्त्वावरचे माप हवे.

ते इंधनाकडे मिळते. जळालेल्या इंधनातला कार्बन चिमणीतूनच जातो, राखेत उरणारा थोडासा सोडून. त्यामुळे इंधन मोजून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि चिमणीतून मोजलेला कार्बन डायऑक्साइड यांची गाठ घालून देता येते. कॅथरीन अॅकरमन आणि एरिक सुंडक्विस्ट यांनी २००८मध्ये अमेरिकेतल्या वीज केंद्रांसाठी असे दोन आकडे शेजारी मांडले. देशाच्या बेरजेत ते जवळ आले, एकेका केंद्रात मात्र मोठी तफावत निघाली. देशाची बेरीज जुळते म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण परवाने देशाकडून जमा होत नाहीत, केंद्राकडून होतात.

कोळशात ही ताडणी अवघड आहे. पट्ट्यावरचा काटा, कोळशातली ओल, खेपेगणिक बदलणारा कार्बन, सगळेच हलते. नैसर्गिक वायूत ती सोपी आहे. खरेदी-विक्रीसाठी बसवलेली वायूची मीटरे एक टक्क्याच्या आसपास अचूक ठेवतात, कारण दोन्ही बाजूंचे पैसे त्यावर ठरतात. वायूतला कार्बन क्रोमॅटोग्राफवर कळतो. महाराष्ट्रात उरणचे केंद्र वायूवर चालते. अशा केंद्राच्या चिमणीत नळी, अल्ट्रासॉनिक मीटर आणि इंधनाचा हिशेब, तिन्ही एकाच दिवशी, एकाच भारावर, गिरकीच्या कोनांच्या नोंदीसह घ्यावेत. इंधनाचा आकडा त्यांत सर्वांत भरवशाचा असल्याने नळीची चूक किती आणि कोणत्या बाजूची, हे तिथे वेगळे काढता येईल. मग तीच नळी, तोच चमू आणि तीच पद्धत घेऊन कोळशाच्या चिमणीवर चढावे.